गिऱ्हाईक आणि उपासक



ख्रिस्ती उपासनेवर बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी पाद्री नव्हे, धर्मशास्त्राचा पंडित तर नव्हेच. चाळीस वर्षे शाळेत भूगोल आणि मराठी शिकविलेला एक साधा ख्रिस्ती गृहस्थ आहे. वडिलांकडचे आमचे घराणे कॅथलिक, आईकडचे मिशनच्या मंडळीतले. त्यामुळे मिस्साही माझी आणि पेटीवरची भजनेही माझी. दोन्हीकडचा पाहुणा असल्याने दोन्हीकडच्या उणिवा मात्र मला चांगल्या ठाऊक आहेत. तेवढ्याच अधिकाराने मी आज उभा आहे.

खरे म्हणजे मला या व्यासपीठावर ढकलले ते आमच्या शेजारच्या आबांनी. आबा वारकरी माणूस. एके दिवशी चहा घेता घेता ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही दर रविवारी धुतलेले कपडे घालून देवळात जाता, तास-दीड तास बसता. तिथे मिळते तरी काय?”

मी उत्तर देऊ गेलो आणि अडखळलो. मनःशांती मिळते म्हणावे, तर ती दर रविवारी मिळतेच असे नाही. पुष्कळदा पुढच्या बाकावरच्या पोरांची चुळबूळ तेवढी मिळते. उत्तम प्रवचन मिळते म्हणावे, तर त्याविषयी न बोलणेच बरे. आमचे पाद्रीसाहेब पुढच्या रांगेत बसले आहेत. दोन दिवस विचार केल्यावर ध्यानात आले की, माझी अडचण उत्तरात नव्हती, प्रश्नातच होती. “काय मिळते?” हा गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे. आबांना मी दोष देत नाही. आज आपण सगळेच सगळ्या ठिकाणी हाच प्रश्न विचारतो. मुलाला या शाळेत घातले तर काय मिळेल, अमक्या मंडळाचे सभासद झालो तर काय मिळेल, नवस बोललो तर काय मिळेल. विकत घेण्याची सवय बाजारातून निघून घरात आली, घरातून देवघरात आली.

गिऱ्हाईक हा काही वाईट शब्द नव्हे, हे मी आधीच सांगून टाकतो. या किनाऱ्यावर आज कित्येकांच्या चुली गिऱ्हाइकावर पेटतात. मांडव्याला पूर्वीपासून लाँचा येत. २०२० पासून तर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटात घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. शनिवार-रविवारी अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड इथल्या रस्त्यांवर पाय ठेवावयास जागा नसते. ज्यांच्या वाडीत नारळ-सुपारीखेरीज काही नव्हते, त्यांनी दोन खोल्या बांधल्या, पाहुणे ठेवले, मुलांची शिक्षणे केली. हे चांगलेच झाले. पण त्यातून एक पेच उभा राहिला, आणि तो प्रथम मला दिसला माझ्या एका चुलत बहिणीच्या घरी.

तिची लहानशी खानावळ आहे. चार खोल्या, अंगणात मांडव. आठवड्याची निम्म्याहून अधिक कमाई रविवारच्या एका दिवसात होते. उपासना रविवारी सकाळी आठ वाजता, आणि पाहुण्यांना घावन आणि चहा हवा तोही आठ वाजता. दोन वर्षे तिने ओढाताण केली. मग हळूहळू जाणे सुटले. एकदा मला म्हणाली, “दादा, मी इथे माणसांना खाऊ घालते, ही काय उपासना नव्हे? एक रविवार गेले नाही, तर देव रागावणार आहे का?” देव रागावणार नाही, हे मी तिला तत्काळ सांगितले. पुढे काय सांगावे ते मात्र मला सुचेना. आजचे हे व्याख्यान म्हणजे, खरे विचाराल तर, तिला न दिलेले उत्तर आहे.

या प्रश्नाला आपल्याच किनाऱ्याने एकदा फार जुने उत्तर दिलेले आहे. अलिबागेतली इस्रायल आळी आपणा सर्वांना माहीत आहे. नवगावच्या किनाऱ्याला ज्यांची गलबते फुटली असे परंपरा सांगते, ते बेने इस्रायल लोक इथे तेलाचे घाणे चालवू लागले. त्यांना लोक काय म्हणत? “शनिवार तेली.” शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. विचार करा, हे लोक इथली भाषा बोलत, इथला पेहराव करीत. बाकीच्या पुष्कळ खुणा पुसल्या गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले ते त्यांनी काय केले यावरून नव्हे, आठवड्यातून एक दिवस काय केले नाही यावरून! गिऱ्हाईक दारात आले तरी घाणा फिरावयाचा नाही. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक जण इस्रायलला गेले. पण ते नाव या किनाऱ्याच्या आठवणीत राहिले.

ख्रिस्ती रविवारचे मूळ याच शब्बाथात आहे. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुनरुत्थित झाला या श्रद्धेने ख्रिस्ती लोक त्या दिवशी जमू लागले. इसवी सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने शहरांतली कामे त्या दिवशी थांबवावयाचा हुकूम काढला; शेतकऱ्याला मात्र मोकळीक ठेवली, कारण पेरणीचा दिवस हुकमाची वाट पाहत नाही. भातशेती करणाऱ्या आपल्या मुलखाला यातला शहाणपणा कळेल. आणि आपल्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १० जून १८९० रोजी. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. माणूस केवळ चाकाचा दाता नव्हे, हे सांगावयाला धर्मही लागतो आणि चळवळही लागते.

तेव्हा ख्रिस्ती उपासनेची पहिली पायरी देवळाच्या दारात नाही. ती घाणा थांबविण्यात आहे. आपण तासभर हात रिकामे ठेवल्याने जग बुडत नाही, ते आपण चालवीत नाही, एवढे कबूल करावयाचे. माझ्या बहिणीचे घावन वाढणे हे पुण्यकर्म आहे, यात शंका नाही. पण ते घावन विकलेले आहे. त्यात काही कमीपणा नाही, मात्र विकण्याच्या पलीकडचा एक तास माणसाच्या आयुष्यात असावा की नसावा, हा खरा प्रश्न.

आता त्या तासात घडते काय? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाचा एक तत्त्वज्ञ रोममध्ये राहत होता. पुढे त्याला श्रद्धेसाठी मरण आले. ख्रिस्ती लोकांविषयी नाना कंड्या पिकत, म्हणून त्याने सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिले आणि आम्ही रविवारी जमून काय करतो, ते त्यात सरळ सांगून टाकले. शहरातले आणि खेड्यातले सारे एकत्र येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ, वेळ असेल तितके, वाचले जातात. प्रमुख उठून बोध करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी पुढे आणतात. प्रमुख उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात. मग ते सर्वांना वाटतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोहोचवितात. ज्याला जे शक्य असेल ते तो देतो. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे वाटसरू यांची काळजी घेतली जाते. आमच्या आजच्या मिस्सेत आणि मिशनच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत झालर पुष्कळ लागली आहे, पण आतले पातळ तेच आहे.

या मांडणीकडे जरा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहा, म्हणजे ती किती गैरसोयीची आहे ते कळेल. दुकानात गिऱ्हाईक कधी चुकत नाही, असा दंडक आहे. इथे आल्याबरोबर पहिले काम म्हणजे आपण चुकलो असे चारचौघांत म्हणणे. दुकानात आवडीनिवडीला मान आहे. इथे आजचा उतारा कोणता, ते ठरलेले असते. कॅथलिक पंथात १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे. सावकाराला सावकारीविरुद्धचा उतारा आला म्हणून पान उलटता येत नाही. माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ बांधाच्या वादावरून बोलत नव्हते, आणि नेमका भावाशी समेट करून मग वेदीपाशी ये, हा भाग वाचनात आला. वाचणारा धाकटा भाऊच होता. त्याचा आवाज कसा खाली गेला, ते मला अजून आठवते. समेट त्या दिवशी झाला नाही, पावसाळ्यानंतर झाला.

मग येते अर्पण. इथे मला थोडे थांबावयाचे आहे, कारण देणे आणि विकत घेणे यांतली सीमा इथेच पुसट होते. उपासनेला ग्रीक भाषेत ‘लितुर्गिया’ म्हणत. अथेन्समध्ये या शब्दाचा अर्थ असा होता की, धनवान नागरिकाने स्वतःच्या पदरच्या पैशाने लोकांसाठी काम करावयाचे. नाटकाच्या समूहगायकांचा खर्च उचलावयाचा, युद्धनौका सज्ज करावयाची. म्हणजे उपासना या शब्दाच्या पोटातच ‘काय मिळते’ नसून ‘काय उचलतोस’ आहे. आमच्यात इंग्रजी वळणाने उपासनेला ‘सर्व्हिस’ म्हणण्याची रीत पडली. आता मोटारसायकल दुरुस्तीला टाकली तरी तीही सर्व्हिसलाच जाते! शब्द झिजले की कल्पनाही झिजतात.

आमच्या आईकडच्या मंडळीत पीक निघाल्यावर हंगामाचा सण होई. लोक घरचे पहिले तांदूळ, भोपळे, नारळ, कोंबडी, अंडी घेऊन येत. उपासना झाली की बाहेर आवारात त्यांचा लिलाव. परक्याला वाटावे, देवळाच्या दारात बाजारच मांडला की! पण तो बाजार उलटा चाले. पाच-दहा रुपयांचा भोपळा साठ रुपयांना जाई. घेणारा तो पुन्हा टेबलावर ठेवी, आणि दुसरा त्याच्यावर बोली लावी. एक भोपळा तीनदा विकला जाऊन शेवटी ज्या विधवा बाईने तो आणला होता, तिच्याच टोपलीत परत गेलेला मी पाहिला आहे. पैसे गरजूंच्या पेटीत. त्या दिवशी भोपळ्याला किंमत उरली नव्हती, किंवा त्याची किंमत कोणाला मोजता येत नव्हती.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. ध्वनिक्षेपक आला. मोठ्या बोलीची नावे मोठ्याने पुकारली जाऊ लागली. मग बोली नावासाठी लागू लागली. कोणी अंडी आणली, कोणी भोपळा, याची चर्चा मागे पडून कोणी किती मोजले याची सुरू झाली. ज्यांच्यापाशी मोजावयाला काही नव्हते ते उपासना संपताच मागच्या दाराने घरी जाऊ लागले. सण तोच, पण माणसे वाटेकरी होती त्यांची प्रेक्षक झाली. याचा दोष मी बाजाराला देणार नाही. ध्वनिक्षेपक आम्हीच आणला होता.

हा दोष नवा नाही. करिंथ हे ग्रीस देशातले भरभराटीचे बंदर. आपल्या चौलासारखे म्हणा. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या शतकाच्या मध्यावर पौलाने पत्र लिहिले. तिथे प्रभुभोजनाला श्रीमंत लोक आधी येऊन आपापले आणलेले पोटभर खात, कोणी तर झिंगतही. आणि मजूर, दास दमून उशिरा येत त्यांना उपाशी राहावे लागे. पौल भडकला. तुम्हाला खावयाला घरे नाहीत काय, असे त्याने विचारले, आणि तुम्ही जे जेवता ते प्रभूचे भोजनच नव्हे, असे स्पष्ट बजावले. ध्यानात घ्या, मंत्र चुकला म्हणून नव्हे; वाट पाहिली नाही म्हणून. उपासनेची मांडणी बिनचूक असूनही ती मोडू शकते.

पंगत आपल्याला परकी नाही. पंढरीच्या काल्यात एकमेकांच्या तोंडात घास देतात, त्याचे मर्म आबांना मी सांगावयास नको. वेदीवरून मिळणारी ती गव्हाची पातळ चकती सर्वांना सारखीच असते. ज्याने हजार दिले त्यालाही तेवढीच, ज्याने काहीच दिले नाही त्यालाही तेवढीच. दुकान असे चालविले तर महिनाभरात बुडेल. अर्थात आमच्याही पंगतीत या देशात जात शिरली होती, ठिकठिकाणी बाके वेगळी झाली होती. हे लपवून मी तुम्हाला पंगतीचे गुण सांगितले तर ते खोटे होईल.

शेवटी निरोप. लॅटिन उपासनेच्या अखेरीला पुरोहित लोकांना जावयास सांगे, त्यातला शब्द ‘मिस्सा’. त्यावरून सगळ्या उपासनेलाच मिस्सा हे नाव पडले. काय गंमत आहे पाहा, नाव पडले ते येण्यावरून नव्हे, जाण्यावरून. आणि त्या भोजनाचे जुने ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’, म्हणजे उपकारस्मरण. देवाला आपल्या स्तुतीची भूक नाही. पण माणसाला आभार मानण्याची सवय राहिली पाहिजे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल कोणी कोणाचा ऋणी राहत नाही. पावती फाडली की संबंध तुटला. ज्याचे सगळे आयुष्य पावत्यांचे झाले, त्याला श्वास, आई, पाऊस यांच्यासमोर उभे राहावयाचे कसे, हेच कळेनासे होते. उपासनेचा हेतू मला विचाराल, तर तो एवढाच. ज्याचे मोल देता येत नाही, त्याच्यापुढे मिळून उभे राहावयाचे.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर रेवदंड्याला चला. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये तिथे किल्ल्याला हात घातला. चौल म्हणजे घोडे, रेशीम, कापड यांचे नामांकित बंदर; पश्चिम समुद्रातले एक मोठे दुकानच. त्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, एकेका संघाची भव्य चर्चे उठली. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले. आज तिथे माडांच्या बागांत भिंती उभ्या आहेत, सातखणी मनोऱ्याचा सांगाडा आहे, आणि पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. उपासना नाही. सोबत वैभव होते, ते व्यापाराचे होते. व्यापार उठला, तेही उठले.

पण खाडीच्या पलीकडे, कोर्लईच्या डोंगराखाली, काही गरीब ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. त्यांना गोव्याला घेऊन जावयास कोणाला सवड नव्हती. त्यांनी कार्मेल मातेचे देऊळ धरून ठेवले. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली, ज्या बोलीला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात, ती सुमारे हजारभर माणसे आजही बोलतात. खाडीवर पूल झाला १९८६ मध्ये. तोवर पलीकडे जावयाचे तर तर होती. भाषातज्ज्ञ दूरदूरहून येऊन त्या बोलीचा अभ्यास करून गेले, आणि त्या टिकण्याची कारणे जात, गावाचा एकलेपणा आणि धर्म अशी सांगतात. मला त्यातला तिसरा धागा खुणावतो. त्या लोकांपाशी दुकान नव्हते. त्यांना एकत्र आणणारा रविवार होता, आणि कार्मेल मातेचा सण, जो पंचांगात १६ जुलैला, ऐन लावणीत येतो.

आता त्या देवळात मराठी ऐकू येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा ठराव संमत केला, लोकभाषेला वाट दिली आणि लोकांनी मुके प्रेक्षक न राहता पूर्णपणे भाग घ्यावा असे सांगितले. त्यापूर्वी पुरोहित वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये म्हणे आणि आमच्या आज्या बाकावर आपापली जपमाळ ओढीत. आपल्या कोकणातल्याच करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांना ही गोष्ट मिशनच्या मंडळ्यांपुरती तरी अर्ध्या शतकाआधीच उमगली होती. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मराठी ख्रिस्ती लोक इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते कशीबशी ओढीत होते. आयता माल! टिळकांनी अभंग दिले, भजने दिली, कीर्तन देवळात आणले. ‘उपासना संगीत’ उघडा, आजही त्यांच्या रचना पानोपानी भेटतात. त्यांनी लोकांना अधिक चांगला माल पुरविला, असे मी म्हणणार नाही. त्यांनी लोकांना त्यांचे तोंड परत दिले.

आणि आज आम्ही ते पुन्हा मिटून घेत आहोत, ही माझी तक्रार आहे. भाड्याचे वाद्यवृंद येतात, आवाज एवढा की शेजारच्या म्हातारीचे भजन तिचे तिलाच ऐकू येत नाही. एका लग्नात चित्रफीत काढणाऱ्याने वधूवरांना अंगठ्या पुन्हा घालावयास लावल्या, कारण पहिल्या खेपेला कोन बरोबर साधला नव्हता. पहिली शपथ देवासमोर झाली असे धरले, तर दुसरी कोणासमोर झाली? २०२० च्या टाळेबंदीत मिस्सा पडद्यावर आली, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तिने फार मोठा आधार दिला, हे मी कृतज्ञतेने सांगतो. जस्टिनच्या काळी न येऊ शकणाऱ्यांच्या घरी भाकर पोहोचवीत, त्याचाच तो एक प्रकार. पण धडधाकट माणसे अजून चहाचा पेला हातात धरून, आवडेल त्या शहरातले प्रवचन निवडून ऐकतात आणि न आवडले की बदलतात. त्यांना प्रवचन मिळते. पुढच्या बाकावरची चुळबुळणारी पोरे मात्र त्यांना मिळत नाहीत.

माझ्या बहिणीकडे मी गेल्या पावसाळ्याआधी पुन्हा गेलो होतो. तिने एक पाटी लावली आहे. रविवारी न्याहारी साडेनऊनंतर. मी विचारले, धंद्याला फटका बसला का? म्हणाली, थोडा बसला. काही जण पुढच्या खानावळीत गेले. पण एक मुंबईचे कुटुंब, धर्माने ख्रिस्ती नव्हे, पाटी वाचून विचारू लागले, एवढे कुठे जाता? तिने सांगितले. त्यांच्यातल्या आजीबाई म्हणाल्या, मग आम्हीही थांबतो, आणि त्या वेळात त्यांनी मांडवात बसून आपला हरिपाठ म्हटला. बहीण परत आली तेव्हा चूल पेटलेली होती. त्या आजीबाईंनी स्वतःच आधण ठेवले होते.